बारावा खांब कोणाचा

माझ्या सासऱ्यांइतका मेलेल्या माणसांशी घरोबा असलेला जिवंत माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचा नाही. जावई म्हणून मी जास्तीचं कौतुक करतोय असं कुणाला वाटेल, तर त्यांनी वटारला कुणालाही विचारावं. लग्नाची बोलणी करायला मी माझ्या गावाहून, गासहून, आईवडिलांना घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा या गृहस्थांनी आम्हाला घराच्या ओट्यावर धड टेकूसुद्धा दिलं नाही. "चहा व्हायला वेळ आहे, तोवर आमची माणसं बघून येऊ," म्हणाले. मुलीचे चुलते-मामे जमले असतील असं समजून माझ्या आईने पदर सारखा केला. केळीच्या वाडीतून, पाटाच्या कडेकडेने आम्ही त्यांच्यामागे चालत गेलो आणि एका मोकळ्या जागेत पोचलो. तिथे गवतात ओळीने गुडघाभर उंचीचे ओबडधोबड धोंडे उभे होते. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घसा साफ केला आणि एकेका धोंड्याशी आमची ओळख करून द्यायला सुरुवात केली. मुलगी मला दिसली ती त्यानंतर पाऊण तासाने. परत येताना रिक्षात आई म्हणाली, जे घर मेलेल्यांना विसरत नाही ते जिवंत सुनेला-जावयाला काय विसरणार आहे. लग्न ठरलं ते त्या धोंड्यांच्या भरवशावर.

ती जागा म्हणजे वटारचं जुनं देऊळ. आमच्या वसईतले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. आता गावाला मोठं, पांढरंशुभ्र देऊळ आहे, शेजारी फरशी घातलेली दफनभूमी आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यातलं काही नव्हतं. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, दूरच्या देवळात जावं लागायचं आणि पावसाळ्यात वाट पाण्याखाली गेली की चार-चार महिने गावाला देवाचं तोंड दिसायचं नाही. कुणी दगावलं तर होडीत घालून न्यायचं. शेवटी गावातली घरं एकत्र बसली आणि आपलं आपण एक प्रार्थनाघर उभारायचं ठरवलं. कुडाच्या भिंती, वर पेंढा, आणि खांब बारा. प्रत्येक घराने एक खांब द्यायचा. प्रार्थनेच्या वेळी ज्या घराचा जो खांब, त्या घराने त्याच्याशी बसायचं. पावसाआधी आपापल्या खांबाचा भाग शाकारून द्यायचा. आणि घरातलं माणूस गेलं की त्याला देवळाबाहेर आपल्याच खांबाच्या समोर, सरळ रेषेत पुरायचं. सहा खांब या अंगाला, सहा त्या अंगाला, आणि प्रत्येक खांबापासून कुंपणापर्यंत गेलेली त्या त्या घराची रांग. आठवडाभर त्याच प्रार्थनाघरात गावची पहिली शाळा भरायची. पुढे मोठं देऊळ झालं, पेंढा गळून पडला, खांब चुलीत गेले. राहिले ते खांबाखालचे बारा तळखडे, म्हणजे मधोमध खोबण असलेले दगड, आणि राहिल्या त्या रांगा.

हे सगळं सासऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यानंतर प्रत्येक नाताळात, प्रत्येक ईस्टरला, दोन्ही मुलींच्या बारशाला आणि एकदा मला कावीळ झाली होती तेव्हा उशाशी बसून सांगितलं. मुंबईतल्या एका कारखान्यात त्यांनी टर्नर म्हणून आयुष्य काढलं. लेथवर काम केलेला माणूस आणि जमिनीवर काम केलेला माणूस यांच्यात फरक असतो तो सुताचा. सासरे सगळं सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजत. खिशात पोलादी टेप कायम. कुठे निघालं की ते आधी तळखड्यांमधलं अंतर मोजून येत. म्हणत, पाऊस दगड हलवतो, लक्ष ठेवावं लागतं. माझ्या माहितीत एकही दगड एक सूतभरही हललेला नाही, पण तसं बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही. गवत काढायला जातानाही हे गृहस्थ इस्त्रीची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून जात, हातात कोयता. सासूबाई म्हणायच्या, माझ्या भावाच्या लग्नाला चपला घालून आला होता हा माणूस. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: तिथे सगळे वडीलधारे असतात, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही.

राजोडीच्या किनाऱ्याला जाणारी शनिवार-रविवारची पोरं वाट चुकून वटारच्या वाड्यांत शिरतात. अशी एक गाडी एकदा सासऱ्यांच्या तावडीत सापडली. अर्ध्या चड्डीतली चार पोरं-पोरी, कुणाच्या हातात बॉल, कुणाच्या डोक्यावर पोहायचा चष्मा. त्यांनी रस्ता विचारला. सासरे म्हणाले, दाखवतो, पण मध्ये पाच मिनिटांचं काम आहे. दीड तासाने ती पोरं बारा खांबांची नावं पाठ म्हणून दाखवत होती. समुद्र काही त्यांना त्या दिवशी दिसला नाही. जाताना त्यांनी वेलची केळ्यांचा एक घड मात्र नेला. गंमत अशी की त्यातली एक मुलगी पुढच्या वर्षी आपल्या आजोबांना घेऊन परत आली. सासऱ्यांच्या बोलण्यात असं काहीतरी होतं खरं. ते सांगू लागले की त्या रिकाम्या जागेवर पेंढा चढायचा, आत पोरं पाटीवर अक्षरं गिरवायची, आणि बाहेर माणसं आपापल्या रांगेत शांत निजायची. ज्या गावाकडे पैसा नव्हता, वाट नव्हती, त्या गावाने बारा लाकडांवर आपला देव उभा केला, हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की ऐकणाराही नकळत सरळ बसे.

या अभिमानाचा त्रास व्हायचा तो जिवंत माणसांना. सासऱ्यांच्या लेखी गावात दोनच जाती, खांबवाले आणि बिनखांबाचे. गावातल्या माणसांना ते नावाने क्वचितच ओळखत. "पाचव्या खांबाची पोरगी तिसऱ्या खांबात दिली, छान झालं," अशा भाषेत त्यांचं लग्नाविषयीचं मत यायचं. मी गासचा, म्हणजे अर्थातच बिनखांबाचा. माझ्यासमोर नव्हे, पण माझ्या बायकोजवळ ते एकदा म्हणाले होते की मुलगा चांगला आहे, बाकी काय, सगळ्यांनाच सगळं मिळत नाही. त्यांचं स्वतःचं घर, मोठ्या वाडीतलं म्हणून ओळखलं जाणारं, हे बाराव्या खांबाचं. बारावा म्हणजे दाराजवळचा, कोपऱ्यातला. छपराचा सगळा भार कोपऱ्यातल्या खांबावर येतो, असं ते टर्नरच्या अधिकाराने सांगत.

आता एक अडचण होती. बाराव्या खांबासमोर रांगच नव्हती. एकही धोंडा नाही, नुसतं गवत. सासऱ्यांकडे याची तीन स्पष्टीकरणं होती आणि समोरचा माणूस बघून ते त्यातलं एक काढत. आमची माणसं दीर्घायुषी, मोठं देऊळ होईपर्यंत कुणी मेलंच नाही, हे पहिलं. आमची माणसं नम्र, डोक्याशी धोंडा लावायचा नाही अशी घरातली चाल, हे दुसरं. आणि तिसरं, जे ते आवाज खाली आणून सांगत, ते म्हणजे अकराव्या खांबाचं अतिक्रमण. अकरावा खांब आंब्याखालच्या घराचा. त्या घरातले इनासकाका सासऱ्यांचे शाळासोबती आणि शेजारी, अजून जुन्या बोलीत 'सांगणार'ला 'हांगणार' म्हणणारे. बाकी सगळ्या रांगा कुंपणाच्या हातभर अलीकडे थांबतात. अकरावी थेट कुंपणाला जाऊन भिडते, आणि तिचे शेवटचे पाच धोंडे किंचित वाकडे, बाराव्याच्या बाजूला सरकलेले. सासऱ्यांनी ते कितीदा मोजलं असेल देव जाणे. जिवंतपणी बांध सरकवतात तसे मेल्यावरही सरकवतात, असं ते इनासकाकांना भर चौकात ऐकवत. इनासकाका सुपारी कातरत ऐकून घेत आणि म्हणत, बरं, मोजून झालं का, मग चहा घे.

तीन वर्षांपूर्वी गावाने ठरवलं की जुन्या देवळाच्या जागेवर एक शिळा बसवायची आणि तिच्यावर बारा घरांची नावं कोरायची. फादरांनी यादीचं काम सासऱ्यांकडे दिलं. दुसरं कुणाकडे देणार होते म्हणा. सासऱ्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरत होते, पण त्या दोन महिन्यांत ते पोरासारखे धावले. आपल्या घराचं नाव दगडात कोरलेलं बघायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, असं ते मला म्हणाले. हे बोलताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. त्यांना नुसती नावं नको होती. प्रत्येक नावापुढे खांब कोणत्या लाकडाचा होता तेही कोरायचं होतं. फणस, आंबा, ताड, साग, अशी अकरा लाकडं त्यांच्याकडे ऐकीव माहितीने तयार होती. अडलं होतं ते त्यांच्या स्वतःच्या खांबाशी. बाराव्या तळखड्याच्या खोबणीत सापडलेला लाकडाचा काळा तुकडा त्यांनी बिस्किटांच्या डब्यात, कापसात जपून ठेवला होता. तो घेऊन मी त्यांना स्कूटरवरून गासच्या एका म्हाताऱ्या सुताराकडे नेलं. सुताराने तो उलटासुलटा केला, नखाने खरवडला, हुंगला आणि सांगितलं की हे वाडीतलं झाड नाही, हे खाडीतलं कांदळाचं लाकूड.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. सासऱ्यांचा हुरूप उलट वाढला. आमच्या पणजोबांनी वाडीतलं झाड सोडून खाडीतून लाकूड आणलं, म्हणजे किती विचार केला असेल, असं म्हणत ते खाडीकडच्या वस्तीवर जायला निघाले. ती वस्ती हिंदू शेतकऱ्यांची. लाकूड कुणाकडून आणलं तेही शिळेवर घालावं, असा त्यांचा बेत होता. तिथे यमुनाआजी म्हणून नव्वदी ओलांडलेल्या बाई ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. सासऱ्यांनी डबा उघडून तुकडा दाखवला आणि आमच्या घराने खांबासाठी लाकूड तुमच्या घरून नेलं होतं का, असं विचारलं. यमुनाआजींनी तुकड्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, नेलं नव्हतं, आम्हीच आनून दिलं होतं. आणि मग वाल सोलता सोलता त्यांनी जे सांगितलं ते असं की वटारला देऊळ उभं राहत असताना मोठ्या वाडीतल्या म्हाताऱ्याला आपला खांब पुढे, देवाजवळ हवा होता. चिठ्ठ्या टाकल्या, त्याला दाराजवळचा कोपरा आला. तो रुसला आणि खांब द्यायला नाही म्हणाला. अकरा खांबांवर छप्पर एका कोपऱ्यात लोंबत राहिलं.

"पाऊस डोक्यावर आलेला," यमुनाआजी म्हणाल्या. "शेजाऱ्याचा देव भिजनार नि आपन बगत बसायचं? माज्या सासऱ्याच्या बापानं होडीत घालून खांब नेला. तवापासून नाताळाला तुमच्या अकरा घरांतून आमच्याकडं ताट येतं. अजून येतंय."

आणि त्यांनी बोटांवर ती अकरा घरं मोजून दाखवली. विहिरीवरलं, पाणंदीवरलं, आंब्याखालचं, अशी एकेक. सासऱ्यांच्या खिशातल्या यादीतली तीच नावं, तोच क्रम. फक्त मोठ्या वाडीतलं घर त्यात नव्हतं. यमुनाआजींना समोर बसलेले गृहस्थ कोणत्या घरचे हे नीटसं माहीत नसावं. त्यांनी आम्हाला ताक दिलं. सासऱ्यांनी ते सगळं प्यायलं, पेला स्वतः विसळून ठेवला आणि स्कूटरवर माझ्यामागे येऊन बसले. वाटेत मला त्यांना काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण बिनखांबाच्या माणसाने काय सांगायचं हे सुचेना.

घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना विचारलं, आपल्या घरातून नाताळाला खाडीवर ताट जातं का. सासूबाई म्हणाल्या, नाही. लग्न होऊन आल्या तेव्हाच त्यांनी आपल्या सासूला विचारलं होतं आणि सासू म्हणाली होती की बाकीच्यांचं जातं, आपलं जात नाही. मग हे मला कधी का नाही सांगितलंस, असं सासऱ्यांनी विचारलं. त्यावर सासूबाईंनी चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दगडांना विचारत होता. मला कधी विचारलं?" घरातून कुठे काय जातं हे पुरुषांना कधीच माहीत नसतं. चाळीस वर्षं फितीने मोजलेला इतिहास गावातल्या बायका दर नाताळात फडक्याखाली झाकून नेत होत्या, आणि हा माणूस ओट्यावर बसून त्यांना वाट देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा ते इनासकाकांच्या अंगणात उभे होते, बूट पॉलिश केलेले. इनासकाका सुपारी कातरत होते. सासऱ्यांनी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, मग आमची माणसं कुठे आहेत, त्यांना कुणी कुठे पुरलं, तेवढं कळलं पाहिजे. इनासकाकांनी अडकित्ता खाली ठेवला.

"आमशा रांगेत," ते म्हणाले. "शेवटचे पाच. आमची म्हातारी हांगायची. तुमच्यात पहिलं माणूस गेलं तवा खांब नाय म्हणून रांग नाय. मग आमशा म्हाताऱ्यानं आपल्यातली जागा दिली."

"तुला ठाऊक होतं?" सासरे म्हणाले. "मी तुला भर चौकात चोर म्हणायचो."

"म्हणायचास. तुला काय हांगणार? तुझा जीव त्या खांबात."

सासरे खाली बघत राहिले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, मुलीच्या पाठवणीलाही नाही. इनासकाकांनी आत हाक मारून चहा सांगितला. तो आम्ही तिघांनी घेतला. नंतर दोघे जण कोयता घेऊन जुन्या देवळाकडे गेले आणि त्या शेवटच्या पाच धोंड्यांभोवतीचं गवत काढत बसले. मी मागे उभा होतो. सासऱ्यांनी टेप काढली नाही.

मला वाटलं होतं, आता यादी लांबणीवर पडेल, गुडघेदुखी निघेल, फादरांना काहीतरी कारण जाईल. एवढं वय झाल्यावर माणसाने स्वतःला थोडं झाकून घेतलं तर कोण काय म्हणणार होतं. यमुनाआजींशिवाय बाहेरच्या कुणाला माहीत नव्हतं, आणि इनासकाका बोलणारे नव्हते. पण त्याच रविवारी मिस्सानंतर फादर आणि चार पंच बसले होते तिथे सासऱ्यांनी यादी वाचली. अकरा घरं, आणि बारावं खाडीवरलं घर, लाकूड कांदळाचं. लोक चमकले. कुणीतरी म्हणालं, गेल्या गोष्टी गेल्या, तुम्ही एवढं केलंत, तेरावं म्हणून तुमचंही नाव घालू. सासरे म्हणाले, देवळाला खांब बारा होते. मी दोन्ही बाजूंनी मोजले आहेत. आमच्या घराने दिला नव्हता, तर नाव येणार नाही. एवढं बोलून त्यांनी यादी घडी करून फादरांच्या हातात दिली. मी स्पष्टच सांगतो, माझ्या आयुष्यात मला कुणाचा एवढा अभिमान वाटला नाही. त्या माणसाचा जावई असणं हाच माझा खांब, असं मी बायकोला म्हणालो, तर ती म्हणाली, हे त्यांना सांगा. अजून सांगितलेलं नाही. आमच्यात असं तोंडावर बोलत नाहीत.

शिळा बसवली ती नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसानंतरच्या रविवारी सकाळी. गाव लोटला होता. फादरांनी शिळेवर पवित्र पाणी शिंपडलं आणि म्हणाले, प्रत्येक घराने आपापल्या तळखड्यापाशी येऊन उभं राहावं, जुन्या लोकांसारखं, आणि मग प्रार्थना करू. नावं वाचायचं काम सासऱ्यांचं. खणखणीत आवाजात त्यांनी एकेक घर पुकारलं. माणसं येऊन उभी राहिली, कुणाच्या कडेवर पोर, कुणी म्हातारीला धरून आणलेलं. बारावं नाव पुकारल्यावर यमुनाआजींचा नातू आणि त्याची बायको संकोचत पुढे आली, चपला बाहेर काढून, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात हात जोडून उभी राहिली. अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. प्रार्थनेच्या जागी टाळ्या वाजवायच्या नसतात, पण फादरांनीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्या, आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की बारा दगडांशी बारा घरं उभी आहेत आणि ज्याने ती सगळी गोळा केली तो माणूस हातात कागद घेऊन बाहेर उन्हात उभा आहे. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा दंड धरला. सासऱ्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि ते मागे वळून आमच्या दिशेने, बाकीच्या लोकांत यायला निघाले. तेवढ्यात इनासकाकांनी आपल्या मुलाला आणि सुनेला हाताने जरा बाजूला केलं.

"इकडं ये," ते म्हणाले. "जागा हाय."

सासरे थांबले, मग गेले. दगडाच्या कडेला दोघांना जेमतेम पाय ठेवता येत होते, म्हणून इनासकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. फादरांनी प्रार्थना सुरू केली. मी हात जोडले होते, पण माझं लक्ष प्रार्थनेत नव्हतं. आमच्या गासला कुणी काही मोजून ठेवलेलं नाही. माझ्या पणजोबांच्या मागे मला एकही नाव ठाऊक नाही. आमच्या माणसांसाठी कधी कोण असं सरकलं होतं, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.